वरची मेख

मापकाकूचं खरं नाव गावात बहुधा तिच्या नवऱ्यालाच आठवत असेल, आणि तो तर तिला नुसतं "अगं" म्हणायचा. बाकी सगळ्यांची ती मापकाकू. सकाळी आठच्या सुमाराला घरातलं आवरून, गळ्यात पोलादी टेप लटकवून, काखेत वही मारून ती घरामागच्या चढाला लागायची. नवखा पाहुणा विचारायचा, "या बाईंचं काही हरवलंय का?" आणि तिची जाऊ शेजारच्या ओट्यावरून उत्तर द्यायची, "हरवलं नाही अजून. हरवतंय का ते बघायला जाते."

गाव डोंगराच्या उतारावर होतं. चाळीसेक घरं, एकाखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. मापकाकूचं घर सगळ्यात वरचं. चौदा वर्षांपूर्वी तिच्या घरामागे, शंभरेक पावलांवर, जमिनीला एक भेग पडली. बोट जाईल एवढीच, पण लांबलचक. सरकारी कचेरीतून एक साहेब आला, खाली वाकून भेगेत डोकावला आणि त्याने दोन लोखंडी मेखा ठोकून घेतल्या. एक भेगेच्या वरच्या अंगाला, एक खालच्या अंगाला.

"या दोन मेखांमधलं अंतर रोज मोजायचं," तो म्हणाला. "अंतर वाढलं तर समजायचं की खालची जमीन सुटली. कोणी शिकलेलं नसलं तरी चालेल, पण थापा मारणारं नको."

जावेने तिला पाठीला हात लावून पुढे ढकललं. "हिला घ्या साहेब. हिला स्वयंपाकात मीठ किती घातलं विचारलं, तर खडे मोजून सांगेल."

असं ते काम तिच्याकडे आलं. सोमवारी कचेरीत फोन करून आठवड्याचं माप कळवायचं, बस.

नवऱ्याला मात्र हे प्रकरण पहिल्या दिवसापासून रुचलं नाही. तो गवंडी होता. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची, आणि उरलेल्या निम्म्यांची डागडुजीही त्याचीच. भिंतीला भेग दिसली की त्याला स्वतःच्या अंगावर ओरखडा उठल्यासारखं व्हायचं. लगेच थापी घेऊन तो ती बुजवून यायचा. नवरा भेगा बुजवतो आणि बायको भेगा मोजते, याची गावाला मोठी गंमत वाटायची.

"तू रोज तिकडे जाऊन बघतेस, म्हणून लोकांच्या मनात नसती भीती राहते," तो म्हणायचा.

"मी नाही बघितलं तर ती जाते का?"

यावर तो चहाचा कप तोंडाला लावायचा.

आकडा तसा गुणी होता. एकशे बेचाळीस सेंटिमीटर आणि वर तीन रेघा. पावसात एखादी रेघ वाढायची, उन्हात पुन्हा कमी व्हायची. वर्षामागून वर्षं गेली. मेखा ठोकणारा साहेब बदलून गेला. कचेरीतला फोन कधी कोणी उचलायचं, कधी नाही. उचललाच तर तिने तोंड उघडायच्या आत पलीकडून विचारणा व्हायची, "एकशे बेचाळीस ना?" ती म्हणायची, "आणि तीन रेघा." तिच्या वह्यांचा फळीवर ढीग झाला. गावाचं काही अडत नव्हतं.

मग ते वर्ष उजाडलं.

सुरुवात सुताराकडून झाली. सुतार जरा बडबड्या, पण हाताचा चोख. कडक उन्हाळ्यातल्या एका सकाळी तो काकूला वाटेत भेटला तेव्हा त्याच्या खांद्यावर रंधा होता आणि चेहरा उतरलेला.

"काकू, या महिन्यात मी बावीस दारं तासली."

"मग बरंच आहे की. काम आहे हाताला."

"अहो, दारं फुगतात ती पावसात. ओलीने. आत्ता लाकूड तडकायला हवं, आणि माझ्याकडे लोक येतात की दार लागत नाही म्हणून. एकाच कोपऱ्यात अडतंय, सगळ्यांचं. वरच्या, डाव्या." त्याने घसा खाकरला. "दार नाही बिघडलेलं काकू. चौकट कलली आहे. सगळ्यांची एकाच बाजूला."

काकू त्या दिवशी चढ जरा भरभर चढली. टेप लावला. एकशे बेचाळीस, तीन रेघा. दुसऱ्यांदा लावला. तेवढंच. तिला हायसं वाटलं. परत येताना तिने सुताराला तसं सांगितलंही.

पण गोष्टी घडत राहिल्या. घरांच्या वर एक झरा होता, बारमाही. त्याचं पाणी आधी दुधासारखं पांढुरकं झालं आणि आठ दिवसांनी झरा बंदच पडला. खाली शेताच्या बांधाजवळ, जिथे कधी थेंब नव्हता, तिथे जमीन ओली झाली. गल्लीतल्या विजेच्या तारा खाली लोंबायला लागल्या, इतक्या की उंच माणसाने मान वाकवून जावं. आणि दुपारी, सगळं निपचित असताना, पायांना काहीतरी जाणवायचं. कानाला नाही, पायांना. लांब कुठेतरी जड कपाट ओढत न्यावं तसं. माणसं बोलता बोलता थांबायची, एकमेकांकडे पाहायची आणि पुन्हा बोलायला लागायची. त्याबद्दल मात्र चकार शब्द काढायची नाहीत.

महिन्यातून एकदा भांडी विकायला येणारा फेरीवाला जावेच्या ओट्यावर टेकला होता. तो एकाएकी हसायला लागला.

"तुम्हा लोकांना काय झालंय?" तो म्हणाला. "सगळे तिरके चालताय. एका खांद्यावर घागर असल्यासारखे."

"तूच तिरका बघतोयस," जाऊ फणकारली. पण तो गेल्यावर ती कितीतरी वेळ गल्लीतून येणाऱ्या जाणाऱ्यांकडे पाहत बसली.

आता लोक रोज सकाळी काकूची वाट पाहू लागले. ती उतरताना दिसली की कोणी ना कोणी हटकायचं, "काकू, आज किती?"

"तेवढंच."

"मग हरकत नाही." आणि ते माणूस घरात जाऊन दाराला जोर लावून कडी घालायचं. या एका शब्दावर गाव जेवत होतं, झोपत होतं. पुढे काकूला सगळ्यात जास्त हेच टोचलं.

उलगडा झाला तो स्वयंपाकघरात. तिच्या शेगडीसमोर एक खिडकी होती, पाच गजांची. खिडकीबाहेर चाळीस पावलांवर गावाच्या कडेला काळा कातळ होता आणि कातळावर पाण्याची सिमेंटची टाकी. लग्न होऊन आल्यापासून काकू त्याच जागी उभी राहून भाजी ढवळत आली होती आणि टाकी तिला तिसऱ्या आणि चौथ्या गजाच्या मध्ये दिसायची, चौकटीत बसवल्यासारखी. त्या दुपारी तिने मान वर केली तर तिथे नुसतं आभाळ होतं. टाकी दुसऱ्या आणि तिसऱ्या गजाच्या मध्ये उभी होती.

काकूने पळी खाली ठेवली. ती एक पाऊल मागे गेली, पुन्हा फरशीवरच्या झिजलेल्या जागेवर येऊन उभी राहिली. डोकं हलवलं, डोळे पुसले. टाकी होती तिथेच होती. म्हणजे, होती तिथे नव्हती.

"अहो, जरा इकडे या."

गवंडी आत आला. तिने त्याला खांद्याला धरून आपल्या जागेवर उभं केलं. "टाकी बघा."

त्याने पाहिलं. आणि नजर फरशीकडे वळवली. कशी सरकेल टाकी, डोळे तपासून घे, असलं काहीसं तो म्हणेल असं तिला वाटलं होतं. 

"कातळ तर हलत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "मग हललं कोण?"

तो खाली बसला. टाकीपासून गावात येणारी पाण्याची नळी त्यानेच टाकली होती आणि तिची देखभालही त्याच्याकडेच होती.

"नळी निसटते," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "कातळावरून गावात शिरते ना, त्या सांध्याला. वर्षभर निसटतेय. मी मध्ये तुकडा घालून जोडतो."

"किती तुकडे घातलेत?"

"तीन."

"केवढाले?"

त्याने दोन्ही हात पसरून दाखवले.

काकू त्याच्या पसरलेल्या हातांकडे पाहत राहिली. मोजायची सवय, त्यामुळे मनात हिशेब आपोआप झाला. तीनदा दोन्ही हात पसरून जेवढं होतं तेवढं गाव सरकलं होतं. घरं, गल्ल्या, झाडं, गोठे, सगळं एकदम. त्यामुळे कोणाला कोणाच्या तुलनेत काही हललेलं दिसलंच नव्हतं.

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? अर्धं गाव मी बांधलंय. लोकांना म्हणू, की मी बांधलेलं घर चालायला लागलंय?" त्याने हात खाली घेतले. "आणि तू रोज येऊन म्हणायचीस, तेवढंच. मला वाटायचं, तू म्हणतेस तर खरंच असेल."

दोघं उठले. शेगडी बंद करून, भर दुपारी ते चढाला लागले. मेखांपाशी आले, तिथे न थांबता पुढे गेले. वर झुडपांचं दाट रान होतं. तिकडे जायचं कोणाला कारणच पडत नसे. काट्यांतून वाट काढत पाऊण तास ते चढले. एका जागी गवंड्याने तिचा दंड एकदम घट्ट धरला.

पुढची जमीन तुटली होती. पुढे, डोंगराच्या अंगाला, ओल्या लालसर मातीची सरळ भिंत उभी होती, माणसापेक्षा उंच, नुकती कापल्यासारखी. आणि ते दोघे उभे होते ती बाजू त्या भिंतीपासून सुटून खाली बसली होती. मध्ये फट. डावीकडे उजवीकडे नजर जाईल तिथपर्यंत ती वाकत गेली होती, विळ्यासारखी, साऱ्या गावाला कवेत घेत. झाडांची मुळं या काठापासून त्या काठापर्यंत ताणली गेली होती. काकूने एका मुळाला बोट लावलं. ते थरथरत होतं. वारा नव्हता, तरी थरथरत होतं.

फटीतून गार हवा वर येत होती. बाहेर अंगाची लाही होत असताना दोघांच्या हातावर काटा आला. त्या हवेला आतल्या, कधी उजेड न पाहिलेल्या मातीचा वास होता. गवंड्याने एक दगड आत टाकला. दोघे कान देऊन उभे राहिले. दगड पडल्याचा आवाज आलाच नाही. थोड्या वेळाने आला तो वेगळाच, खोल, लांबलेला, कोणीतरी झोपेत कूस बदलावी तसा.

"चला," काकू म्हणाली.

उतरताना ती मेखांपाशी थांबली. वरची मेख. चौदा वर्षं जिला भक्कम समजून ती टेपचं एक टोक लावत आली होती, ती मेखसुद्धा गावाबरोबरच चालत होती. दोन चालणाऱ्या गोष्टींमधलं अंतर तिने रोज प्रामाणिकपणे मोजलं होतं. ती मटकन खाली बसली आणि तिला रडू कोसळलं. गवंडी तिच्याजवळ बसला. मग म्हणाला, "आकडा तर खराच होता ना तुझा."

"लोक त्यावर झोपत होते हो," ती म्हणाली.

सोमवार नव्हता, तरी तिने कचेरीत फोन लावला.

"एकशे बेचाळीस ना?"

"आकडा तोच आहे," काकू म्हणाली. "पण आकडा खोटा आहे. साहेबांना पाठवा. उद्याच्या उद्या पाठवा. नाही पाठवलंत तर मी येऊन तुमच्या दारात बसेन."

दुसऱ्या दिवशी नवा साहेब आला, तरुण, धापा टाकत. येताना बोलत होता. फटीपाशी गेल्यावर बोलायचा थांबला. उतरताना त्याचा पाय दोनदा घसरला. गल्लीत आल्यावर त्याने एवढंच विचारलं, "इथे माणसं किती आहेत?"

गावाला समजावणं मात्र साहेबाला जमेना. लोक त्याला सोडून काकूवर उखडले. जाऊ तर अंगावरच आली. "चौदा वर्षं तूच सांगत आलीस ना, तेवढंच आहे म्हणून? आता एका दिवसात काय आकाश कोसळलं?"

 तेवढ्यात गवंडी गल्लीच्या मध्ये येऊन उभा राहिला. हा माणूस चार लोकांत कधी आवाज चढवून बोलला नव्हता.

"तुमच्या भिंतींतल्या भेगा मी बुजवल्या," तो म्हणाला. "रंगाखाली लपवल्या. नळीला तुकडे घातले आणि गप्प बसलो. घरं माझ्या हातची आहेत, मीच सांगतो. निघा."

सुतार पहिला उठला. त्याने आपली हत्यारं पेटीत भरली आणि दार न लावताच चालू लागला. त्याच्यामागे मग एक एक घर हललं. ओढ्यापलीकडे सपाट माळावर शाळेची इमारत होती, तिथे सगळे गेले. तिथे एक विचित्र प्रकार झाला. सपाट फरशीवर पाऊल ठेवलं आणि साऱ्या गावाला घेरी यायला लागली. म्हातारी माणसं भिंत धरून चालू लागली. पोरं पळता पळता एकाच बाजूला कोलमडायची. जाऊ सतरंजीवर आडवी झाली आणि किंचाळून उठली. म्हणे कोणीतरी तिला सतरंजीसकट वर ढकलत होतं. फेरीवाला काय म्हणाला होता ते तेव्हा सगळ्यांना आठवलं.

चार दिवस काही झालं नाही. लोक कुरकुरायला लागले. पाचव्या दिवशी, दुपारचं जेवण होत असताना, ओढ्याचं पाणी थांबलं. आणि समोर गाव निघालं.

कोसळलं नाही, उसळलं नाही. सावकाश निघालं, जसं पाण्यावरून काही वाहत यावं. सगळी घरं उभीच्या उभी, गल्लीसकट, कुंपणांसकट. जावेच्या ओट्यासमोर दोरीवर कपडे वाळत घातलेले होते, ते तसेच हलत हलत खाली येत होते. आवाज फारसा नव्हता. जाड कापड फाटत राहावं तसा, न थांबता. मधूनच एखादं घर वळायचं आणि ज्या घराकडे कधी पाठ होती त्याच्याकडे तोंड करून उभं राहायचं. शाळेच्या अंगणात कोणी रडलं नाही. माणसं आपापल्या घरावर नजर ठेवून उभी होती, गाडीतून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे पाहावं तशी. कोणीतरी हात वर करून हलवला आणि मग त्याचं त्यालाच कसंसं होऊन खाली घेतला.

दोन दिवस गाव चालत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी थांबलं. खालची अकरा घरं ओढ्यात जाऊन मोडली होती. बाकीची उभी होती, दीडशे पावलं खाली. एकाही माणसाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

पंधरा दिवसांनी साहेबाने सामान आणायला परवानगी दिली, एका घरातून दोघांनीच जायचं, तासाभरात परत यायचं. काकू आणि गवंडी गेले. घरात शिरल्यावर काकूला वाटलं, आपल्याला वेड लागेल. सगळं जागच्या जागी होतं. फळीवर वह्या. माठ तिवईवर तसाच, एक टवकाही उडालेला नाही. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं, आणि वेळ बरोबर दाखवत होतं. पण दाराबाहेर पाऊल टाकलं की दुसऱ्याच्याच जमिनीवर पडायचं. जावेचं घर डाव्या हाताला होतं, ते आता समोर होतं. गल्ली होती, पण ती कुठेच जात नव्हती.

गवंड्याने भिंतीवर तळहात टेकवला. कान लावला.  मग म्हणाला, "एकही भेग नाही बघ." आणि त्या भिंतीकडे पाठ करून तो पायरीवर बसला, आणि त्याने हुंदके आवरले नाहीत.

नवं गाव माळावर वसलं. गवंड्याने त्यातली नऊ घरं बांधली. पाया खणण्याआधी प्रत्येक जागेवर तो दोन दोन दिवस नुसता बसून राहायचा, अनवाणी, तळवे जमिनीला लावून. लोक काम लवकर उरकायची घाई करायचे, पण त्याला कोणी टोकलं नाही. सहा वर्षांनी तो गेला. जावेने शेवटपर्यंत पुन्हा तिकडे पाऊल टाकलं नाही, मात्र तिथून कोणी आलं की ती विचारायची, "माझं घर कुठवर आलं?"

काकूचं काम सुटलं नाही. थांबलेला डोंगर पुन्हा निघेल का ते पाहायला कचेरीने त्याच वर्षी नव्या मेखा ठोकायचं ठरवलं. या वेळी साहेबाने वरची मेख थेट काळ्या कातळात, टाकीच्या पायाशी, भोक पाडून बसवून घेतली आणि खालची थोडी खाली, सरकलेल्या जमिनीत.

"आता काळजी नको काकू," तो हात झटकत म्हणाला. "हा कातळ आहे. हा हलायचा नाही."

काकूने वाकून मेखेला हात लावला. "साहेब, हा कातळ कशावर आहे?"

साहेब हसला.  मग तो खाली दरीकडे आणि दरीपलीकडच्या डोंगरांकडे पाहू लागला. एकामागे एक निळसर होत गेलेले, सगळे शांत.

"तुम्ही मोजत राहा," तो शेवटी म्हणाला.

काकूने टेपचं टोक त्याच्या हातात दिलं. "धरा," ती म्हणाली, आणि टेप सोडत सोडत उतरायला लागली.